पॅकार्डची उजवी बाजू

"दोन्ही बाजू एकदम दिसल्या का, सायेब?"

मी गाडीखाली उताणा पडलो होतो. तोंडात टॉर्च, छातीवर वही आणि डोळ्यांत तेहतीस वर्षांची माती. अशा अवस्थेतल्या माणसाला कुणी प्रश्न विचारू नयेत. टॉर्च तोंडातून काढून मी म्हणालो, "काय?"

"न्हाई, म्हनलं, दोन्ही बाजू एकदम दिसल्या का."

चाकांच्या मधून मला फक्त दोन पाय दिसत होते. काळे, भेगाळलेले, डाव्या अंगठ्याला नख नसलेले.

"गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कुणालाच दिसत नाहीत, आजोबा."

"त्येच म्हनतोय मी," पाय म्हणाले आणि निघून गेले.

ही गोष्ट एक्याऐंशी सालच्या नवरात्रातली, मिरजेतली. आजवर मी ती कुणाला सांगितली नव्हती. जिच्यामुळे ज्यांना त्रास झाला असता ती माणसं आता राहिली नाहीत, आणि मी स्वतः काही शपथेचा बेलभंडार उचललेला नव्हता, म्हणून सांगतो.

मी पुण्यात एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि उरलेल्या वेळात जुन्या मोटारींमधला शहाणा होतो. माझे वडील मुंबईत एका मोटारींच्या शोरूममध्ये स्टोअरकीपर होते. त्यांनी घरी आणलेली अमेरिकन मासिकं वाचत मी मोठा झालो. बाकीची मुलं क्रिकेटपटूंचे आकडे पाठ करायची, मी मोटारींचे करायचो. पुढे एका इंग्रजी मासिकात चार लेख छापून आले आणि लोक मला तज्ज्ञ म्हणू लागले. मी नाही म्हणालो नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आलिशान गाड्यांचा एक जुना शौक शेवटचे आचके देत होता. कारखान्यातून फक्त चासी, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, आणि इंजिन घ्यायचं आणि शिंप्याकडून कोट शिवून घ्यावा तशी वरची बॉडी एखाद्या नामांकित कारागिराकडून करून घ्यायची. हार्टवेल नावाच्या अशाच एका छोट्या कारखान्याने अठ्ठेचाळीस साली पॅकार्ड कंपनीच्या चासीवर तीन गाड्या केल्या. मागे मालक छताखाली, पुढे ड्रायव्हर उघड्यावर. त्यांतली एक भंगारात गेली, एक गॅरेजला लागलेल्या आगीत अर्धी जळाली आणि तिसरीचा कुणालाच पत्ता नव्हता. या घडणीच्या गाडीचा एकच फोटो कुठे छापून आला होता. ते पान वडिलांच्या मासिकातून काढून मी आयुष्यभर जपलं होतं. गाडी डावीकडून घेतलेली, शेजारी एक टोपीवाली बाई उभी. त्या बाईच्या टोपीला किती पिसं आहेत हेही मी सांगू शकलो असतो.

मुंबईच्या बिलिमोरियाशेठना जुन्या गाड्या जमवायचा नाद होता. मिरजेत एका बँडवाल्याकडे उघड्या ड्रायव्हरची पॅकार्ड आहे, असं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी मला पत्र पाठवलं: जाऊन बघा. तिसरी हार्टवेल असेल तर दसऱ्याआधी ट्रक पाठवतो. नसेल तर मला त्यात रस नाही.

बँडवाल्याचं नाव बाबालाल मुजावर. न्यू गुलशन ब्रास बँडचा मालक. माणूस भारी, मिश्या त्याहून भारी. साठ साली बोरगावच्या इनामदारांच्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात त्याने ही गाडी उचलली होती. तेव्हापासून अख्ख्या मिरजेचे नवरदेव या गाडीतून मिरवले होते. शेडमध्ये एका बाजूला ढोल-ताशे, भिंतीवर टांगलेली पितळी वाद्यं आणि मधोमध ही. बॉनेटवरच्या पंख पसरलेल्या पक्ष्याला बँडची पोरं बगळा म्हणत आणि त्याच्या गळ्यात कुणीतरी कधीकाळी घातलेल्या मुंडावळ्या तशाच होत्या.

"साहेब, माझं म्हणणं सरळ हाय," बाबालाल पहिल्याच चहाला म्हणाला. "म्युन्सिपाल्टीचा रस्ता ह्या शेडवरनं चाललाय. दसऱ्याच्या आत जागा रिकामी पायजे. तुमचे शेठ नेत असले तर सोन्याहून पिवळं. न्हाईतर सांगलीचा भंगारवाला खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गॅस कटर घेऊन येतोय. इंजिन नदीवर पंपाला, पत्रा किलोवर."

"कापणार?"

"मग काय करू? घरात न्हेऊन निजवू?"

म्हणजे गाडीचं जगणं-मरणं माझ्या एका कागदावर होतं. मला तीन दिवस मिळाले होते. खोटं कशाला बोला, मला ते महत्त्व आवडलं.

पहिल्या दिवशी सगळं झोकात चाललं. चासी पॅकार्डची यात शंकाच नव्हती. चाकांच्या झाकणांवर मधोमध लाल षटकोन, बॉनेटखाली एका ओळीत आठ सिलिंडर, नंबराची पट्टी जागेवर आणि साल अठ्ठेचाळीस. मग मी डाव्या बाजूला खुर्ची टाकली, मांडीवर माझं पान ठेवलं आणि इंचाइंचाने ताडून पाहिलं. मडगार्डची गोलाई तीच. खिडकीच्या चौकटीचा कोन तोच. दाराखालून गेलेली निकेलची पट्टी मागच्या चाकाजवळ सरळ रेषेत खाली उतरून संपत होती, अगदी फोटोतल्यासारखी. टोपीवाली बाई तेवढी नव्हती. माझे डोळे भरून आले. आयुष्यभर ज्याचा एकच फोटो पाहिला, ते समोर उभं होतं.

मग मी उठून उजव्या बाजूला गेलो आणि माझी बोबडीच वळली.

उजवी बाजू वेगळीच होती. निकेलची पट्टी इथे मागच्या चाकाजवळ उतरत होती खरी, पण खाली संपण्याऐवजी हलकेच वर उचलली जाऊन एक वळण घेत होती. ओंजळ मिटावी तसं. मागचं मडगार्डही त्या वळणाला सामावून घ्यायला जरा फुगलं होतं. वाईट दिसत होतं का? मुळीच नाही. खरं सांगायचं तर डाव्या बाजूपेक्षा ती बाजू जास्त जिवंत होती. पण एकाच गाडीला दोन वेगवेगळ्या बाजू? मी डावीकडे गेलो, उजवीकडे आलो, पुन्हा डावीकडे गेलो. बँडची पोरं खिदळू लागली.

"साहेब प्रदक्षिणा घालतायत," एकजण म्हणाला.

ते पायवाले आजोबा तेव्हा शेडच्या दाराशी उकिडवे बसून माझ्याकडे टक लावून पाहत होते. ऐंशीच्या घरातला, वाळलेल्या शेंगेसारखा माणूस. नाव सिद्धाप्पा.

"हे कोण?" मी बाबालालला हळूच विचारलं.

"सिद्धाप्पा सुतार. टांगे करायचा पूर्वी. मी गाडी आणली तवापास्नं रोज सकाळी येतोय आन् पुसून जातोय. कुणी सांगितलं न्हाई, कुणी दमडी देत न्हाई. डोस्क्यानं जरा..." बाबालालने कानाजवळ बोट फिरवलं. "पर गाडी चकचकीत ऱ्हाती, मग मी बी काय बोलत न्हाई."

त्या रात्री लॉजवर मला झोप लागली नाही. पण शहाण्या माणसाला कोड्यात फार काळ राहता येत नाही. तो काहीतरी सिद्धांत काढतोच. पहाटे मला तो सुचला. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणजे फुटपाथ उजवीकडे! मालक उतरणार उजवीकडे, बघे उभे राहणार उजवीकडे. तेव्हा हार्टवेलने दर्शनी बाजू मुद्दाम जास्त नटवली. डावी बाजू साधी, कारण ती रस्त्याकडची. मी अंथरुणात उठून बसलो आणि स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी मात्र एकेक गोष्ट त्या सिद्धांताच्या मुळावर उठली. हार्टवेलच्या गाड्यांना दाराच्या उंबऱ्यावर नावाची पितळी पट्टी असे. इथे पट्टी तर नव्हतीच, पण ती कधी ठोकल्याची भोकंही नव्हती. दार उघडून खालच्या फटीत चाकूने खरवडलं तर आतली लाकडी चौकट सागवानी निघाली. अमेरिकेत सागवान कुठलं? शिवाय चासी एका ठिकाणी वाकून पुन्हा सरळ केल्यासारखी दिसत होती. मी प्रत्येक गोष्टीवर उत्तर शोधत गेलो. पट्टी राहून गेली असेल. हिंदुस्थानच्या पावसासाठी मुद्दाम सागवान वापरलं असेल. चासी बोटीवर वाकली असेल. दुपारपर्यंत माझ्या वहीत इतके 'असेल' झाले की मलाच लाज वाटू लागली.

एकच गोष्ट निर्विवाद होती. दारं. इतक्या वर्षांनंतरही एका बोटाने ढकललं की दार येऊन 'टप्' असं बसायचं, फट म्हणून दिसायची नाही.

"बघा," मी सिद्धाप्पांना ऐकवलं. "याला म्हणतात काम. हे अमेरिकेतच होऊ शकतं. आपल्याकडच्या कुणाच्या हातचं नाही हे."

सिद्धाप्पा गाडीच्या उजव्या मडगार्डवर तळवा ठेवून उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही.

"आनखी एकदा म्हना," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"काय?"

"आत्ता म्हनलासा त्येच. आपल्याकडच्या कुणाच्या हातचं न्हाई म्हनून."

मी पुन्हा म्हणालो. म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि तसाच बाहेर पडला. बाबालाल म्हणाला ते खरं आहे, डोकं फिरलंय, असं मला वाटलं.

दाराच्या आतल्या बाजूचं आवरण काढून पाहिल्याशिवाय माझं समाधान होणार नव्हतं. तिथे कारागीर काहीतरी खूण सोडतोच. पण मळसूत्रं जुनी, खाच बारीक, आणि माझ्याजवळचा एकही पेचकस बसेना. "सिद्धाप्पाकडं असंल," बाबालाल म्हणाला. "दर्ग्याच्या मागं, चिंचेखालचं घर."

घर सापडलं. चिंचेखाली एक मोडकी धमणी पडली होती. पूर्वी बायकामाणसांना माहेरी-सासरी न्यायला बैल जोडून छपराची हलकी गाडी असायची ती. चाकं नाहीत, छप्पर उडालेलं, कोंबड्या आत बसलेल्या. मी तिच्या कडेने दाराकडे निघालो आणि मधेच थांबलो. धमणीची कडेची फळी मागच्या टोकाला खाली उतरत होती आणि मग हलकेच वर उचलून वळण घेत होती. ओंजळ मिटावी तशी.

मी तिथेच खाली बसलो. कोंबड्या ओरडत बाहेर पडल्या, तशी घरातून एक बाई आली. सिद्धाप्पांची सून, शेवंता.

"काय पायजे वो?"

"पेचकस," मी कसाबसा म्हणालो. "गाडीसाठी. बाबालालनी पाठवलंय."

"मामा भाईर गेल्यात. येतील. ह्या पेटीत बगा, सगळं ह्यातच असतंय." तिने ओसरीवर लाकडी हत्यारपेटी आणून ठेवली आणि झाकण उघडलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद खळीने चिकटवलेला होता. तेलाने पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या. त्यावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारून बारीक चौकोन आखले होते, पेंटर लोक लहान चित्रावरून मोठं काढताना आखतात तसे. चौकोनांच्या मागे एक गाडी होती. शेजारी टोपीवाली बाई.

मी माझ्या पिशवीतलं पान काढून झाकणाला लावलं. दोन्ही एकच. तोच अंक, तेच पान, तीच पिसं. मी ज्याच्या जोरावर तज्ज्ञ झालो होतो, त्याच पानाच्या जोरावर कुणीतरी गाडी केली होती.

"मामांची गाडी ती," शेवंता सहज म्हणाली. "मी लगीन होऊन आले तवापास्नं हाय चित्र. इचारलं की बोलत न्हाईत."

मागे चाहूल लागली. सिद्धाप्पा अंगणात उभे होते. त्यांनी उघडी पेटी पाहिली, माझ्या हातातलं पान पाहिलं. मग सावकाश येऊन पायरीवर टेकले.

"सिद्धाप्पा, ही गाडी तुम्ही केलीत."

"मला इचारू नका."

"मी विचारत नाही, सांगतोय."

"मग सांगा. मी ऐकतो." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "इनामदार सरकारांच्या देवघरात खंडोबाफुडं बेलभंडार उचललाय मी. तोंडानं सांगायचं न्हाई. सरकार गेलं, वाडा गेला, पर भंडारा काय जात न्हाई."

मग मी सांगत गेलो आणि ते ऐकत गेले. इनामदारांनी मुंबईत पॅकार्ड घेतली. कारखान्याची, साध्या बॉडीची. वाकलेली चासी सांगत होती, येताना गाडी कुठेतरी कोसळली. इथे ते किंचित हसले, तेव्हा मी म्हणालो, "घाटात." चासी वाचली, वरचा डबा झाला. नवी गाडी पहिल्याच फेरीत उलथवली म्हटलं तर पंचक्रोशीत हसं होणार. म्हणून सरकारांनी मासिकातलं पान फाडून सुताराच्या हातात ठेवलं आणि गावाला सांगितलं की गाडी अजून अमेरिकेहून यायची आहे.

"किती दिवस लागले?" मी विचारलं, आणि जीभ चावली.

शेवंता मधेच म्हणाली, "आमच्या आत्याबाई सांगायच्या, एक दीड वरीस मामा घरात नव्हते. बोरगावच्या पागेत कोंडून घेतल्यालं. मानूस हाय का गेलं, काय कळंना. गाव म्हनायचं, सुतार पळून गेला."

सिद्धाप्पांनी तिला गप्प केलं नाही. ती काही शपथेला बांधलेली नव्हती.

"मग उजवी बाजू?" मी म्हणालो. "फोटोत फक्त डावी आहे. उजवी तुम्हाला दिसलीच नाही. पण डावीसारखीच उलटी काढता आली असती. का नाही काढलीत?"

त्यांनी चिंचेकडे पाहिलं.

"नाव घालायची बंदी हुती," ते म्हणाले. त्यांनी ते कुणाबद्दल म्हटलं ते सांगितलं नाही. "समद्या टांग्यांवर, धमण्यांवर सुतार आपली खूण करतोय. हितं न्हाई. आन् दोन्ही बाजू एकदम कुणाला दिसत्यात व्हय, सायेब?"

मी कुठल्याशा फुटपाथचा सिद्धांत मांडून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती ते आठवून माझे कान तापले. आणि त्याच कानांनी मी म्हटलेलं मला पुन्हा ऐकू आलं: आपल्याकडच्या कुणाच्या हातचं नाही हे.

संध्याकाळी पोस्टात जाऊन बिलिमोरियाशेठना ट्रंककॉल लावला. ओरडून ओरडून बोलावं लागत होतं.

"शेठ, गाडी अप्रतिम आहे! समजा बॉडी हार्टवेलची नसली, इथल्या कारागिराची असली, तर?"

"लोकल?"

"लोकल, पण असं काम मी..."

"बर्वे, मला हार्टवेल पायजे. देशी डबा घेऊन हूं शूं करूं, काय करू मी? हार्टवेल हाय का नाय, तेवढा बोलो."

"उद्या सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला. बाहेर बाकावर सिद्धाप्पा बसले होते. मी ओरडलेलं सगळ्या पोस्टाने ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी, खंडेनवमीच्या आदल्या सकाळी, भंगारवाला दहालाच हजर झाला. त्याची माणसं गॅसच्या टाक्या शेडमध्ये उतरवून विड्या ओढत बसली. बाबालाल भिंतीवरचे कर्णे उतरवत होता. मी ढोलावर कागद ठेवून बसलो. चासी: पॅकार्ड. इंजिन: पॅकार्ड. साल: अठ्ठेचाळीस. बॉडी बनवणारा: इथे माझं पेन थांबलं.

खरं लिहिलं तर सिद्धाप्पांचं नाव एका कागदावर येणार आणि तासाभरात त्यांचं काम कापलं जाणार. खोटं लिहिलं तर गाडी जगणार आणि तिच्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव लागणार, तेही माझ्या सहीने. आयुष्यात मी कधी चुकीचा इंजिन नंबरसुद्धा लिहिला नव्हता.

सिद्धाप्पा आले. रोजच्यासारखी गाडी पुसायला लागले, टाक्यांना वळसा घालून. माझ्याजवळ येईपर्यंत अख्खी गाडी पुसून झाली होती.

"ल्ह्या की, सायेब."

"काय लिहू?"

"अमेरिकेची म्हना."

"आणि तुमचं नाव?"

"माझं नाव हाय की. उजव्या अंगाला."

"ते कुणाला वाचता येणार?"

"तुमाला आलं न्हवं?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, गॅसच्या टाक्यांकडे न बघता म्हणाले, "गाडी ऱ्हाऊ द्या. नावाचं काय घिऊन बसलाय. नाव काय रस्त्यानं पळतंय?"

मी लिहिलं: हार्टवेल, तिसरी. आणि खाली फुटपाथचा सिद्धांत चांगला दीड पान भरून लिहिला. इतकं सफाईदार खोटं मी पुन्हा कधी लिहिलं नाही. ते वाचून दाखवलं तेव्हा बाबालालने माझा हात दाबला, भंगारवाला शिव्या देत निघून गेला आणि सिद्धाप्पांनी विचारलं, "उजव्या बाजूचं काय ल्हिवलं?"

"लिहिलंय की हीच खरी दर्शनी बाजू. बनवणाऱ्याने सगळं कसब तिथे ओतलं."

"हां," ते म्हणाले. "ते बराबर हाय."

मी लगेच पोस्टातून शेठना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीच्या दुपारी, ट्रक आला. त्याआधी मी रीतीप्रमाणे दोन्ही बाजूंचे फोटो काढले. उजव्या बाजूचे जरा जास्तच काढले. ट्रक दिसेनासा झाला तरी म्हातारा रिकाम्या शेडमध्ये फडकं हातात घेऊन उभा होता. मी पिशवी उचलून स्टेशनकडे निघालो.

त्यानंतर मी कुणालाही असा दाखला लिहून दिला नाही. लोकांना वाटलं, बर्वे फार मोठा झाला. बिलिमोरियाशेठ त्या गाडीवर खूष होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा दीड पानी सिद्धांत ऐकवत. शेठ गेले तेव्हाही मी बोललो नाही.

आणि मग अकरा वर्षांनी अमेरिकेतून एक पत्र आलं. तिथले एक गृहस्थ आगीत जळालेली ती दुसरी हार्टवेल दुरुस्त करत होते. तिची डावी बाजू वाचली होती, उजवी साफ गेली होती. उजव्या बाजूचा ना नकाशा, ना फोटो. हार्टवेलचा एकही माणूस हयात नाही. शेठनी एका मासिकात छापून आणलेला माझा दाखला त्यांनी कुठूनतरी मिळवला होता. त्यांनी लिहिलं होतं: तुमच्याकडची गाडी हाच जगातला एकमेव पुरावा आहे. उजव्या बाजूचे मोठे फोटो पाठवाल का? आणि ती बाजू अशीच होती याची तुम्हाला खात्री आहे का?

मी चार पानांचा कबुलीजबाब लिहिला. आठ दिवस तो टेबलावर पडून होता. मग तो फाडला, फोटो पाकिटात घातले आणि सोबत एकच ओळ लिहिली: ज्याने ती बाजू केली, त्याला पूर्ण खात्री होती. हे तरी खोटं नव्हतं.

वर्षाने त्यांच्याकडून दुरुस्त झालेल्या गाडीचा फोटो आला. तो घेऊन मी मिरजेला गेलो. नेमकी खंडेनवमी होती. सिद्धाप्पा जाऊन चार वर्षं झाली होती, हे मला चिंचेखाली पोचल्यावर कळलं. धमणी नव्हती. ओसरीवर पाटावर हत्यारं मांडलेली, पटाशी, करवत, रंधा, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मागे पेटी उघडी ठेवली होती आणि झाकणात ते पान होतं.

शेवंताने मला ओळखलं नाही. मीही काही सांगितलं नाही. फक्त फोटो तिच्या हातात दिला. हिरवळीवर एक काळी झगझगीत गाडी, उजवीकडून घेतलेली. शेजारी पांढऱ्या केसांचे दोन अमेरिकन अभिमानाने उभे.

तिने पदराला हात पुसून फोटो उजेडात धरला.

"कुठली वो ही गाडी?"

"अमेरिकेतली."

"अमेरिकेतली?" तिचं बोट मागच्या चाकाशी जाऊन थांबलं. "आन् ह्यास्नी आमच्या मामांचं वळन कुणी शिकिवलं?"

तिने फोटोला एक कुंकवाचं बोट लावलं आणि तो पाटावर, रंध्याच्या शेजारी उभा करून ठेवला.